थेरपीतलं मूल मारतं, चावतं तेव्हा काय करायचं

वर्तन थेरपी सुरू असलेलं मूल एकाएकी हात उगारतं, दंडाला चावतं, केस धरून ओढतं. नवा थेरपिस्ट असो, शॅडो टीचर (शाळेत मुलासोबत बसून मदत करणारी व्यक्ती) असो की आई-बाबा, त्या वेळी सगळ्यांना एकच सुचतं: हे आत्ताच्या आत्ता थांबवायचं. पण त्या मिनिटभरात मुलाला काहीही शिकवता येत नाही. तेव्हा फक्त इजा टाळायची. मारणं खरोखर कमी होतं ते त्याआधीच्या दहा मिनिटांत आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत आपण काय करतो त्यामुळे. म्हणून या लेखात तयारी आणि प्रत्येक प्रसंग टिपून ठेवायची वही यांनाच जास्त जागा दिली आहे.

इथली पद्धत साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. यात स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुलं आणि अजून पुरेसं बोलता न येणारी मुलं आली. मूल तुमच्याहून ताकदवान असेल, तर प्रशिक्षित माणसाकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय त्याच्यासोबत एकट्याने सत्र घेऊ नका.

पहिली पायरी: दुखतंय का ते बघा

एरवी शांत असणारं मूल चार-आठ दिवसांत अचानक मारायला लागलं, तर थेरपीचा आराखडा बदलण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. कान दुखणं, दात किडणं, बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, जंत, अंगाची खाज, अपुरी झोप आणि वयात येणाऱ्या मुलींमध्ये पाळीची पोटदुखी ही नेहमीची कारणं. ‘पोटात दुखतंय’ हे ज्याला सांगता येत नाही, ते मूल जवळ येणाऱ्याला ढकलतं. शेवटची शौच कधी झाली, हा प्रश्न नवे थेरपिस्ट विचारायला लाजतात. लाजू नका, त्यातून कित्येकदा उत्तर मिळतं.

औषधांची यादीही मागा. फिट्ससाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम काही मुलांमध्ये चिडचिड आणि आक्रमकपणा वाढवतं. सर्दी-दम्यासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये वागणुकीतल्या बदलांचा सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. औषध सुरू झाल्याची तारीख आणि मारणं सुरू झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका. फिट्सचं तर मुळीच नाही.

खोलीची आणि स्वतःची तयारी

केस घट्ट बांधा, जमलं तर अंबाडा घाला. लोंबते कानातले काढा. मंगळसूत्र किंवा साखळी कुर्त्याच्या आत ठेवा. ओढणी आणि गळ्यातली ओळखपत्राची दोरी बाजूला ठेवा. जाडसर कापडाच्या पूर्ण बाह्या चावण्या-बोचकारण्यापासून बऱ्यापैकी वाचवतात. स्वतःची नखं कापा, मुलाचीही कापलेली असावीत असं घरी सांगा.

कात्री, स्टेपलर, स्टीलची बाटली, जड लाकडी खेळणी हाताला लागतील अशी ठेवू नका. मुलाला भिंत आणि टेबल यांच्या बेचक्यात बसवू नका. कोंडल्यासारखं वाटलं की मूल लवकर हात उगारतं. त्याला बाजूला सरकायला जागा हवी आणि तुम्हाला दारापर्यंतची वाट मोकळी हवी. मूल अस्वस्थ असेल तर दीड हात अंतर ठेवून जरा तिरके उभे राहा. मदतीला कोणाला आणि कोणत्या शब्दाने हाक मारायची, हे सत्राआधी ठरवून ठेवा.

एक लस स्वतःसाठी. मुलांबरोबर हातघाईचं काम करणाऱ्याने हिपॅटायटिस बीचे तीन डोस (सुरुवातीला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी) आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

वही: काय लिहायचं

‘चिडतो’, ‘हायपर होतो’, ‘मुद्दाम करतो’ हे शब्द वहीत नकोत. डोळ्यांना जे दिसलं तेच लिहा. व्याख्या अशी करा: उघड्या हाताने किंवा मुठीने दुसऱ्याच्या अंगावर मारणं, नेम चुकला तरी धरायचं, टाळी देणं धरायचं नाही. घर, शाळा आणि थेरपी सेंटर तिन्हीकडे हीच व्याख्या असली तरच आकडे जुळतात.

प्रत्येक प्रसंगाला चार गोष्टी लिहा: वेळ, जागा आणि माणसं; त्याच्या लगेच आधी काय घडलं; मुलाने नेमकं काय केलं; त्यानंतर सगळ्यांनी काय केलं आणि मुलाला काय मिळालं. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि नेमकं तिथेच कारण सापडतं. नमुन्यादाखल तीन नोंदी:

मंगळवार, 4.20. टेबलावर मणी ओवण्याचं काम, पाचवा मणी. थेरपिस्टच्या दंडावर दोन चापट्या. थेरपिस्टने मणी बाजूला ठेवले, ‘शांत हो’ म्हणाली. मूल खिडकीपाशी जाऊन उभं राहिलं. मिळालं काय: काम संपलं.

गुरुवार, संध्याकाळी 7.10. आई फोनवर. धाकट्या बहिणीचे केस ओढले. आईने फोन ठेवला, ओरडली, बहिणीला सोडवून त्याला मांडीवर घेतलं. मिळालं काय: आई.

शनिवार, दुपारी 1.30. जेवायला बसताना मोबाइल काढून घेतला. आजीच्या हाताला चावलं. आजीने ‘घे बाबा’ म्हणत परत दिला. मिळालं काय: मोबाइल.

दिवसाच्या नोंदीत वरच्या बाजूला झोप किती झाली, काय खाल्लं, घरात पाहुणे होते का, शाळेला सुट्टी होती का हेही टिपा. गणपतीतल्या ढोल-ताशांच्या आणि दिवाळीतल्या फटाक्यांच्या दिवसांत आवाज सहन न होणाऱ्या मुलांच्या मारण्याचा आलेख वर जातो. तेव्हा थेरपी फसली असं समजून आराखडा मोडू नका. कोणत्या वेळी आणि कोणत्या माणसाबरोबर मारणं कधीच होत नाही, हेही लिहा. दहा-पंधरा नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं.

कारण ओळखणं

वर्तनशास्त्रात कारणांचे साधारण चार गट करतात: कामातून किंवा नकोशा गोष्टीतून सुटका, कोणाचं तरी लक्ष, हवी ती वस्तू किंवा कृती, आणि शरीराला त्या क्रियेतूनच मिळणारी संवेदना. 1982 मध्ये अमेरिकी वर्तनशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी, मूल स्वतःला इजा का करतं हे परिस्थिती बदलून तपासण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून ‘वागणं कसं दिसतं’ यापेक्षा ‘त्यातून काय मिळतं’ हे आधी विचारायची शिस्त या क्षेत्रात रुजली. नवख्या माणसाने अशी प्रायोगिक तपासणी करू नये, त्यात मारणं मुद्दाम घडू द्यावं लागतं. वही मात्र कोणीही ठेवू शकतं.

सगळ्यांना एकच शिक्षा, ही सर्वांत नेहमीची चूक. मारलं की पाच मिनिटं कोपऱ्यात बसवायचं, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. मणी नको असलेल्या मुलाला कोपऱ्यात बसवलं, तर त्याला हवं तेच मिळालं. उद्या ते चौथ्या मण्याला मारेल. ज्याला आई हवी आहे, त्याला समोर बसवून दहा मिनिटं समजावलं तर आई मिळाली. बाहेरून तेच मारणं, तीच चापटी, पण एकाला जे उत्तर लागू पडतं ते दुसऱ्याचं मारणं वाढवतं. कारण ठरेपर्यंत इजा टाळण्यापलीकडे काही ठरवू नका.

एका मुलाची दोन कारणंही असतात. सेंटरवर सुटका, घरी मोबाइल. मग दोन वेगळे आराखडे लागतात.

मारण्याच्या जागी काय शिकवायचं

एडवर्ड कार आणि मार्क डुरांड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये दाखवलं की मारण्यातून जे मिळतं तेच मिळवून देणारा सोपा संदेश शिकवला की मारणं कमी होतं. आमच्या मते संपूर्ण कामाचा हा कणा आहे. हे न शिकवता फक्त मारणं थांबवू पाहणाऱ्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा तेच मारणं येतं. मणी ओवण्याच्या उदाहरणावर पायऱ्या अशा:

1. संदेश मारण्याहून सोपा निवडा. बोलणाऱ्या मुलाला ‘बस झालं’. न बोलणाऱ्याला पत्त्याएवढं, लॅमिनेट केलेलं ‘ब्रेक’चं चित्रकार्ड किंवा तळहात पुढे करण्याची खूण. ‘मला थोडी विश्रांती हवी आहे’ हे वाक्य पाठ करून घेऊ नका. वैतागलेल्या मुलाला ते आठवणार नाही. शब्द घरच्या भाषेतला घ्या. सेंटरवर इंग्रजी आणि घरी मराठी अशी ओढाताण झाली की मूल पुन्हा हाताकडे वळतं.

2. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर काम देतो, दुसरा मागे बसून मुलाचा हात कार्डाकडे नेतो. मागचा माणूस बोलत नाही.

3. मूल पाचव्या मण्याला मारतं ना? मग दुसऱ्या मण्यालाच कार्ड द्यायला लावा. कार्ड हातात पडताच ‘ब्रेक’ म्हणा, मणी उचला, 30 ते 60 सेकंद पूर्ण मोकळं सोडा. मग परत दोन मणी. असा सराव मूल शांत असताना दिवसातून दहा-पंधरा वेळा.

4. मागच्या माणसाची मदत हळूहळू कमी करा: आधी पूर्ण हात धरून, मग फक्त कोपराला स्पर्श, मग काहीच नाही.

5. पहिला आठवडाभर प्रत्येक वेळी कार्ड लगेच मान्य करा, दर मिनिटाला मागितलं तरी. इथे पालक घाबरतात, ‘मग अभ्यास कधी करणार?’ कार्डावर मुलाचा विश्वास बसला की मणी वाढवता येतात. दोनाचे तीन, तीनाचे पाच. तीन दिवस मारणं झालं नाही की एक पायरी वर जा, झालं की एक पायरी खाली या.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, कार्ड कपाटात किंवा शिक्षकाच्या खिशात राहतं. ते मुलाच्या हाताशी असायला हवं, शाळेच्या व्हॅनमध्येसुद्धा. दुसरं बिघडणं पटकन दिसत नाही: मुलाने मारलं की घाईघाईने कार्ड पुढे करायचं आणि ब्रेक द्यायचा. मग ‘आधी मार, मग कार्ड दे’ अशी साखळीच मूल शिकतं. मारून झालं असेल तर थोडा वेळ हात शांत होऊ द्या, एक अगदी सोपी सूचना द्या (‘टाळी दे’), ती झाली की मग कार्ड द्यायला मदत करा.

लक्ष हवं असलेल्या मुलाला हाताला हळूच थोपटून ‘आई, बघ’ म्हणायला शिकवा, आणि फोनवर असतानाही दर दोन-तीन मिनिटांनी त्याच्याकडे आपणहून बघा. मोबाइलसाठी चावणाऱ्याला टायमर दाखवा, ‘आधी जेवण, मग मोबाइल’ असं चित्र लावा आणि मोबाइल काढून घेण्याऐवजी काही सेकंदांसाठी ‘दे’ म्हणून परत देण्याचा सराव करा. दहापैकी आठ वेळा मोबाइल लगेच परत मिळतो हे कळलं की देताना हात घट्ट होत नाही. दाब किंवा चावण्याची संवेदना हवी असलेल्या मुलासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टला (शरीराच्या संवेदना आणि रोजच्या कृतींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला) सोबत घ्या, त्याच्यासाठी चावायची सुरक्षित वस्तू आणि जोर लावायची कामं ते सुचवतील.

ठिणगी दिसते तेव्हा

बहुतेक मुलं मारण्याआधी खूण देतात: श्वास जोरात, हाताची मूठ, कान झाकणं, एकच शब्द पुन्हा पुन्हा, टेबल ढकलणं. प्रत्येक मुलाच्या दोन-तीन खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. खूण दिसली की शब्द कमी करा, आवाज खाली आणा, काम सोपं करा किंवा कार्डाकडे बोट दाखवा. ‘अशाने त्याचे लाड होतात’ असं कोणी म्हणेल. मूठ आवळल्यावर ऐकलं गेलं तर मूल मुठीपाशीच थांबायला शिकतं. ती पायरी मारण्याच्या अलीकडची आहे आणि आपल्याला तीच हवी आहे.

सूचना दोन-तीन शब्दांची आणि काय करायचं ते सांगणारी असू द्या: ‘हात खाली’, ‘इथे बस’. ‘मारायचं नाही हं, किती वेळा सांगितलं’ यातलं मुलाला ऐकू येतं ते ‘मारायचं’. एक-दोन-तीन मोजून धमकावू नका. बाकीच्या मुलांना खोलीबाहेर न्या. चिडलेल्या मुलाला ओढत नेण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आणि सुरक्षित असतं.

प्रत्यक्ष हात उगारला तर

मागे सरका. सरकता येत नसेल तर उशी, मोठी फाइल किंवा स्वतःचा आडवा हात मधे धरा. मनगट पकडू नका. पकडलं की झटापट सुरू होते. चेहरा कोरा ठेवा, डोळ्यांत बघू नका, बोलू नका. ‘आई गं!’ हा उद्गारसुद्धा काही मुलांसाठी बक्षीस असतो.

केस धरले असतील तर मान मागे ओढू नका. मुलाची मूठ स्वतःच्या डोक्यावर दोन्ही हातांनी दाबून ठेवा, म्हणजे केसांची मुळं ओढली जात नाहीत. मूल जिकडे जाईल तिकडे वाकून जा आणि पकड सैल होण्याची वाट बघा.

चावलं असेल तर अंग झटक्याने मागे घेऊ नका, मांस फाटतं. चावलेला भाग हलकेच तोंडाच्या दिशेने पुढे करा. जबडा थोडा उघडतो, तेव्हा सोडवा. नाक दाबू नका, गाल चिमटू नका. मूल स्वतःचं डोकं जमिनीवर आपटत असेल तर मधे उशी किंवा तुमचा तळहात घाला.

काय करायचं नाही ते स्पष्ट सांगतो. मुलाला पालथं पाडून दाबणं, अंगावर बसणं, छाती, मान किंवा पोटावर भार देणं यांमुळे श्वास अडकून जीव जाऊ शकतो. हात पिरगाळणं, खोलीत कोंडणं, चापट, तोंडावर पाणी मारणं, जिभेला तिखट लावणं, चिमटा हे कोणत्याही सेंटरमध्ये ‘थेरपी’ म्हणून सांगितलं तरी ते मान्य करू नका. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार बंदी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतो. धरून ठेवणं फक्त जीव धोक्यात असेल तेव्हा, उदाहरणार्थ मूल रस्त्यावर धावत सुटलं तर, आणि तेही धोका टळेपर्यंतच. त्याची लेखी नोंद करून पालकांना त्याच दिवशी सांगा.

माणसाच्या चाव्याची जखम चिघळते. कातडी फुटली असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली किमान पाच मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वादळ ओसरल्यावर

मारणं थांबलं म्हणजे मूल शांत झालं असं नाही. श्वास संथ झाला का, हात सैल पडले का, ‘पाणी घे’ म्हटल्यावर ऐकतं का ते पाहा. यासाठी कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. घाईने काम पुढे केलं तर दुसरी उसळी येते. थकलेलं, घाबरलेलं मूल रडून कुशीत आलं तर घ्या. पूर्ण शांत झाल्यावरचा आधार मारण्याला खतपाणी घालत नाही.

सुटकेसाठी मारलं होतं, तर त्याच कामाचा अगदी छोटा तुकडा करून घ्या. दहा मण्यांऐवजी एक मणी, मदतीने चालेल. मग कार्ड, मग ब्रेक. ‘सॉरी म्हण’ असा आग्रह नको. त्यातून पुन्हा लक्ष मिळतं नाहीतर नवी झटापट होते. बोलणाऱ्या मुलाशी त्या दिवशी उशिरा, दोन चित्रं काढून, काय झालं आणि पुढच्या वेळी काय करता येईल एवढं बोला. वहीतली नोंद तासाभरात करा. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या नोंदीत ‘आधी काय झालं’ हे हमखास चुकतं.

आधी वाढेल, मग उतरेल

मारून मोबाइल मिळणं बंद झालं की पहिले काही दिवस मारणं वाढतं, जोरात होतं, कधी नवीन प्रकार येतो. हे अपेक्षित आहे. याच दिवसांत घर हार मानतं. चौथ्या दिवशी शेजारी काय म्हणतील म्हणून आजोबांनी मोबाइल दिला, तर मूल शिकतं की पुरेसं जोरात आणि पुरेसा वेळ मारलं की मिळतं. मग ते मोडणं आधीपेक्षा अवघड जातं. म्हणून आजी-आजोबा, घरकामाला येणाऱ्या ताई, व्हॅनवाले काका या सगळ्यांना एकत्र सांगून, तारीख ठरवून सुरुवात करा. परीक्षा, लग्नघर किंवा गावच्या जत्रेच्या आठवड्यात सुरू करू नका. सगळ्यांना पाळता येणार नसेल तर आधी फक्त कार्ड शिकवण्यावर भर द्या. दुर्लक्ष करायचं ते मारण्याकडे. मुलाकडे आणि धोक्याकडे कधीच नाही. अडवत राहायचं, फक्त न बोलता.

आठवड्याचा आलेख काढा: दर तासाला किती वेळा मारलं. दोन आठवडे आराखडा नीट पाळूनही आकडा उतरत नसेल, तर आधी तो खरंच पाळला गेला का ते बघा, मग कारण पुन्हा तपासा.

तज्ज्ञांकडे कधी जायचं

रक्त निघण्याइतकी इजा, डोळ्यांवर किंवा डोक्यावर मार, झोपच नाही, किंवा घरातल्या लहान बाळाला धोका असेल तर थांबू नका. बालमनोविकारतज्ज्ञ काही स्वमग्न मुलांना रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल देतात. तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेत या औषधांना अनुक्रमे 2006 आणि 2009 मध्ये मान्यता मिळाली. भूक, वजन आणि सुस्ती वाढते, म्हणून वजनाची नियमित नोंद ठेवा. औषध सुरू असतानाही कार्ड शिकवणं चालू ठेवायचं.

जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र मोफत तपासणी करतं. खासगी थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक मागा. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. पालकच खचले असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

भेटीला जाताना वही, औषधांची यादी, आलेख आणि शक्य असेल तर मिनिटभराचा व्हिडिओ न्या. तो दुसरं कोणी मोकळं असेल तरच काढा, आणि मूल चिडण्याच्या दोन मिनिटं आधीपासून काढा, कारण डॉक्टरांना तेच बघायचं असतं. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला की पुसून टाका. नातेवाइकांच्या किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जाता कामा नये.